मोरपंखी रंगाच्या सतरा मशिनी

संपादकांनी मागितलेला विषय साधा होता. आजकाल बरेच लोक घरीच छोटं वर्कशॉप थाटतात, तर त्यांनी एअर कॉम्प्रेसर घेताना काय पाहावं, हे तुम्ही तुमच्या अनुभवातून लिहा, असं त्यांनी फोनवर सांगितलं. मी हो म्हणालो. नागपुरात सदरच्या एका गल्लीत मी छत्तीस वर्षं कॉम्प्रेसर विकले आणि दुरुस्त केले. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं. बाबा काय करतात, असं शाळेत विचारलं की माझी मुलगी सांगायची, हवा विकतात. तेव्हा चिडायचो, आता वाटतं बरोबरच सांगायची. लिहायला बसलो आणि लक्षात आलं की या धंद्यातून मला नीट येणारी एकच गोष्ट उरली आहे. ती म्हणजे भिणं. तेव्हा कॉम्प्रेसर कसा घ्यावा हे सांगतो, पण लेख तेवढ्यावर थांबणार नाही.

आधी मशीन समजून घ्या. कॉम्प्रेसर म्हणजे एक मोटर, एक पंप आणि एक लोखंडी टाकी. पंप बाहेरची हवा ओढतो आणि टाकीत कोंबतो. टाकीत हवा दाबून भरली की तिला नळी लावून तुम्ही रंग मारा, खिळे ठोका, टायर भरा, धूळ उडवा. टाकी भरली की मशीन आपोआप बंद झाली पाहिजे. त्यासाठी एक प्रेशर स्विच असतो. घरगुती मशीनमध्ये काटा एकशे वीस पौंडाच्या आसपास गेला की तो स्विच खट् आवाज करतो, मागोमाग फुस्स होतं आणि मोटर थांबते. तो स्विच बिघडला तर? तर टाकीवर पितळेचा एक सेफ्टी वॉल्व्ह असतो, अंगठ्याएवढा, वर एक कडी. दाब वाढला की तो स्वतःच उघडतो आणि जास्तीची हवा बाहेर सोडतो. आणि तोही उघडला नाही तर? मग फक्त टाकीचा पत्रा उरतो. त्यानंतर काही नाही.

म्हणून मी अजूनही कोणाच्या घरी, दुकानात, गॅरेजात गेलो आणि कॉम्प्रेसर चालू असला की समोरच्याचं बोलणं ऐकत नाही. मी मनात आकडे मोजत असतो. खट् झालं की माझा श्वास खाली बसतो. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत बसलो होतो तेव्हा शेजारच्या पंक्चरवाल्याची मशीन लागली होती. मुलाकडच्यांनी काय विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही. बायकोने कोपर मारलं तेव्हा मी साठपर्यंत पोचलो होतो.

ही भीती मला पहिल्याच वर्षी लागली. मी तेव्हा एका उस्तादांकडे फिटर होतो. त्यांचे हात काळे, बोलणं निम्मं हिंदी. एका दुपारी निरोप आला म्हणून आम्ही काटोल रोडवरच्या एका टायरच्या दुकानात गेलो. टाकी फाटली होती. फुटली म्हणवत नाही, कागदाची पुडी फाडावी तशी खालून फाटली होती. छताच्या पत्र्याला भोक पडलं होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं. टाकीचा अर्धा भाग मागच्या शेतात सापडला. दुकानवाला चहा प्यायला गेला होता म्हणून वाचला. तो तिथेच उभा होता, हातात ग्लास तसाच. उस्तादांनी फाटलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला लाल गंज लागला होता.

"पानी निकाला नहीं इसने," ते म्हणाले. "हवेत पाणी असते, बेटा. दाबली की टाकीच्या बुडाशी जमा होते. रोज काढलं नाही तं बूड खाते. वरून रंग चकाचक, अंदर से खत्म."

तर घेणाऱ्यांनी हे लिहून ठेवा. टाकीच्या पोटाखाली एक छोटी चावी असते. काम झालं की ती उघडायची, पाणी काढायचं. जो विक्रेता ही चावी दाखवत नाही, त्याच्याकडून मशीन घेऊ नका. आणि जुनी टाकी कोणी वेल्डिंग करून देतो म्हणाला तर त्याच्या दुकानातून निघून या.

आता किती मोठी घ्यायची. माझ्याकडे काटोलहून एक संत्र्याचे व्यापारी आले होते, बसने, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन. आल्याआल्या म्हणाले, "सगळ्यात मोठी टाकी द्या गा."

"काम काय आहे?"

"ट्रॅक्टरचं चाक भरा लागते ना. अन् फिल्टर साफ करा लागते."

"मग लहान पुरते."

"लहान काहून? लोकं हासतीन ना."

टाकीचे लिटर म्हणजे हवेचं सामर्थ्य, असा बहुतेकांचा समज असतो. टाकी म्हणजे फक्त रांजण. रांजण केवढा आहे यापेक्षा विहिरीला पाणी किती येतं हे पाहायचं असतं. पंप मिनिटाला किती हवा देतो तो आकडा मशीनवर लिहिलेला असतो, आणि तुमच्या हत्याराला किती लागते तो आकडा हत्यारावर. खिळे ठोकणारी गन घोटभर पिते, टायरला वेळ लागला तरी चालतो. रंगाची गन मात्र ढसाढसा पिते. तेव्हा आधी सर्वांत जास्त हवा खाणारं हत्यार ठरवा, आणि मशीन त्याच्यापेक्षा थोडी जास्त हवा देणारी घ्या. घरात रंगकाम करायचं असेल तर दोन हॉर्सपॉवर, पन्नास लिटर, तेलाची मशीन, म्हणजे पंपात वंगण घालावं लागतं ती. बिनतेलाची हलकी असते, पण आवाज फार करते आणि लवकर तापते. थोडं थोडं काम असेल तर ती चालते.

काटोलच्या भाऊंना मी लहान मशीन दिली, ते नाराजीनेच घेऊन गेले. हिवाळ्यात भेटले तेव्हा मात्र खूश होते. "लय कामाची मशीन हाय तुमची. सकायी ओसरीत सुरू करतो अन् तिच्यावरच बसून चहा पितो. बूड गरम राह्यते."

मी हसू शकलो नाही. त्याच दिवशी बसने काटोलला गेलो आणि त्यांना मशीनपासून लांब खुर्ची टाकून बसायला शिकवून आलो. ते मला भित्रा म्हणाले. बरोबर होतं त्यांचं.

सदरमध्येच वरच्या मजल्यावर फोटोंच्या फ्रेमा करणारा एक गिऱ्हाईक होता. घरमालकाने आवाजाची तक्रार केली म्हणून त्याने कॉम्प्रेसर लाकडी कपाटात ठेवला आणि भोवती गोधड्या कोंबल्या. मोटर जळली, कपाट वाचलं ते नशीब. आवाज कमी करायचा असेल तर मशीन दूर ठेवा आणि नळी लांब घ्या, पण तिला गुदमरवू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात माणसाला कूलर लागतो, तर तिलाही वारा लागतोच. आणि जिथे माणूस रोज बसतो उठतो तिथे ती ठेवू नका. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. कारण भोयर सरांच्या घरी मशीन कुठे ठेवायची ती जागा मीच दाखवली होती.

भोयर सर चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रताप नगरातल्या आपल्या घराच्या मागच्या अंगणात लाकूडकाम सुरू केलं. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे मुलं लाकडी बैल मिरवतात. सरांचे बैल असे रंगवलेले असायचे की आयाच हट्ट धरायच्या. ब्रशने रंगवून त्यांचा खांदा दुखायला लागला, तेव्हा मीच त्यांच्या गळी कॉम्प्रेसर उतरवला. माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. सर घाबरत होते. "मेश्रामभाऊ, फुटत तं नाही ना हे?" मी छाती ठोकून सांगितलं, "सर, तुमच्या घरातल्या कुकरपेक्षा सेफ आहे." स्वयंपाकघर आणि अंगण यांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत मशीन ठेवली. तिथे सावली, तिथे वारा. तिथेच वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दुपारी निवडण-टिपण घेऊन बसायच्या, त्याच वाऱ्यासाठी. ते मी पाहिलं होतं. काही बोललो नाही, कारण मला ती मशीन त्यांच्याकडे जायला हवी होती.

आता रंगाची गोष्ट. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. लोहाराच्या ऐरणीपासून ट्रकपर्यंत सगळं धुऊन पुसून, हार घालून पूजतात. आमच्या घरी ही पूजा नाही. आम्ही त्या दिवशी सकाळी पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जातो. पण माझी गिऱ्हाइकं पूजा करायची आणि पूजेला मशीन चकचकीत पाहिजे असायची. म्हणून मी एक रीत पाडली होती. नवरात्रात ज्याने मशीन आणून दिली, तिला मी फुकट नवा रंग मारून द्यायचो. रंग एकच, मोरपंखी. नागपुरात कुठेही मोरपंखी कॉम्प्रेसर दिसला की लोक म्हणायचे, हा मेश्रामचा. त्याचा मला फार अभिमान होता.

रंग मारण्याआधी सेफ्टी वॉल्व्हला कागद गुंडाळून दोरा बांधायचा. रंग आत शिरला आणि वाळला तर वॉल्व्ह चिकटतो. रंग वाळल्यावर कडी ओढून पाहायची, हवा सुटली की वॉल्व्ह जिवंत आहे. हे सगळं मला झोपेतही येत होतं. आणि ही कडी ओढायला मी एकाही गिऱ्हाइकाला शिकवलं नव्हतं. मीच येऊन ओढतो, तुम्ही हात लावू नका, असं सांगायचो. शिकवलं तर मला कोण बोलावेल, हा त्यातला हिशोब.

आठ वर्षांपूर्वीच्या नवरात्रात पाऊस हटायलाच तयार नव्हता. हवा ओली, रंग वाळेना. दुकानात मशिनींची रांग, आणि सगळ्यांना अष्टमीच्या आत पाहिजे. मी कागद गुंडाळणं सोडून दिलं. पातळ हात मारतो, काय होतंय, असं स्वतःला सांगितलं. पातळ हाताने गंज झाकला जाईना, म्हणून दुसरा मारला, जाड. ओला रंग खराब होईल म्हणून कडी ओढली नाही. मशिनी गेल्या. दसरा झाला. घरोघरी माझ्या मोरपंखी मशिनींना हळदीकुंकू लागलं.

तीन दिवसांनी त्यातली एक पट्टा बदलायला परत आली. पट्टा बदलला, हवा भरली, सवयीने कडी ओढली. कडी हलली नाही. पुन्हा ओढली. पकडीने धरून ओढली तेव्हा कडीच वाकली. वॉल्व्ह खोलून पाहिला. आत मोरपंखी रंग गोंदासारखा बसला होता. मी दुकानाच्या पायरीवर खाली बसलो. समोरून रिक्षा, हातगाड्या चालल्या होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे फक्त काटोल रोडवरचं ते पत्र्याचं भोक होतं.

त्या वर्षी रंगवलेल्या मशिनी सतरा होत्या. मला प्रत्येक घर आठवत होतं.

प्रेशर स्विच नीट असेपर्यंत वॉल्व्ह चिकटला तरी काही होत नाही, हे मला माहीत होतं. स्विच वर्षानुवर्षं टिकतात. पण कोणता केव्हा जाईल हे कोणी सांगावं? सरळ फोन करून सांगायला हवं होतं की मशीन सुरू करू नका, माझी चूक झाली. एक तासाचं काम होतं. मी ते केलं नाही. इतक्या वर्षांत मोरपंखी रंगाने कमावलेलं नाव एका तासात गेलं असतं, याचीही मला भीतीच वाटत होती. दोन भीतींपैकी मी लहान निवडली.

मी लोकांना सांगितलं की दिवाळीची फुकट तपासणी आहे. पिशवीत नवे वॉल्व्ह घेऊन घरोघर फिरलो. लोकांना फुकटाचा जास्त संशय येतो. "फुकट काहून? काही बिघडवायले तं नाही आले ना?" असं एकाने विचारलं. मी हसलो आणि त्याचा वॉल्व्ह बदलला. तोही चिकटलेला होता.  एका मशीनचा वॉल्व्ह बदलताना उरलेल्यांपैकी आत्ता कोणती चालू असेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

सोळा झाल्या. सतरावी भोयर सरांची. सर्वांत जवळचं घर मी सर्वांत शेवटी ठेवलं होतं. सर नीटनेटके, त्यांच्या मशीनला काय व्हायचंय, असं एक कारण. सर बोलायला लागले की तास जातो, हे दुसरं. आणि कुकरपेक्षा सेफ आहे, असं ज्यांना सांगितलं त्यांच्या दारात उभं राहायची लाज वाटत होती, हे खरं.

दिवाळी चार दिवसांवर होती. सकाळचे अकरा वाजले असतील. फाटक उघडून आत गेलो. फाटकाजवळच भिंतीवर मीटरची पेटी, मग पोर्च, मग बैठकीची खोली. वहिनींनी आतूनच हाक मारली, "या भाऊ, आत या. सर अंगनात हायेत." मशीनचा आवाज येत होता. बैठकीतून जाताना मी मोजायला सुरुवात केली होती. या मशीनला भरायला पंचेचाळीस लागतात, हे मला पाठ होतं.

मधल्या खोलीच्या दारात पोचलो तेव्हा मी साठवर होतो. वहिनी खाली बसल्या होत्या, मांडीवर सूप, सुपात चिवड्याचे पोहे. त्यांची पाठ टाकीकडे आणि तोंड माझ्याकडे. पाठ आणि टाकी यांच्यामध्ये हातभर अंतर. अंगणात सर चौरंगासाठी रंग कालवत होते, गन बाजूला ठेवलेली. म्हणजे हवा कुठेच खर्च होत नव्हती. काट्याकडे पाहिलं. एकशे वीसची खूण गेली होती. लाल रेघ गेली होती. काटा एकशे साठच्या पुढे होता आणि अजून सरकत होता. मोटरचा आवाज जड झाला होता, चढावर ओझं ओढणाऱ्या माणसासारखा. मोरपंखी रंग अंगणातून आलेल्या उजेडात चमकत होता. वॉल्व्ह गप्प होता.

मशीनचं बटण भिंतीवर, टाकीच्या बरोबर वर. माझ्यापासून पाच पावलं.

मी ती पाच पावलं टाकली नाहीत. वहिनींना उठा म्हणालो नाही.  मी वळलो आणि पळालो. बैठकीतून, पोर्चमधून, फाटकाकडे. चप्पल एका पायातून निघाली. फाटकाशी माझा हात मीटरच्या पेटीवर पडला आणि मी मेन स्विच खाली ओढला. तो हात तिथे कसा गेला हे मला खरोखर ठाऊक नाही. मी मेन बंद करायला धावलो नव्हतो. मी पळत होतो, आणि मीटर वाटेत लागला.

घर शांत झालं. अंगणातून सरांचा आवाज आला, "लाईन गेली काय?"

मशीन थांबली होती, पण टाकीत दाब तसाच होता. मी फाटकातूनच ओरडून सरांना म्हणालो, आधी वहिनींना बाहेर आणा. मग घराच्या बाजूने अंगणात जाऊन रंगाची गन हातात घेतली, नळीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिलो आणि घोडा दाबून धरला. हवा सुटत राहिली. सरांनी येऊन माझं मनगट धरलं. काटा शून्यावर यायला किती वेळ लागला ते मोजायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी.

"काय झालं होतं?" सरांनी विचारलं.

"स्विच चिकटला होता सर. आतले पॉइंट जळून जुळले."

हे खरं होतं. वॉल्व्हचं मी काही बोललो नाही.

"अन् तुम्ही बाहेर जाऊन मेनच बंद केला," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय डोकं आहे. आत हात घातला असता तं..." 

वहिनी पोह्यांचं सूप हातात धरून तुळशीजवळ उभ्या होत्या. त्या माझ्या अनवाणी पायाकडे पाहत होत्या.

स्विच बदलला, वॉल्व्ह बदलला आणि जुनी टाकी नेऊन नवी दिली. जुनी मी दुकानात कापून पाहिली. बुडाशी एका जागी पत्रा बोटाने दाबला तर आत गेला.  त्यानंतर एकही मशीन रंगवली नाही. लोकांनी विचारलं तर सांगायचो, तो रंग मिळत नाही आता.

सरांनी मात्र मला देवमाणूस करून टाकलं. दर दसऱ्याला सकाळी दीक्षाभूमीवरून आलो की दुपारी त्यांच्याकडे जायचं, हे ठरून गेलं. ते आपट्याची पानं माझ्या हातात ठेवायचे, सोनं घ्या म्हणायचे, आणि जो पाहुणा असेल त्याला सगळी गोष्ट सांगायचे. दर वर्षी गोष्टीत मी जास्त शूर व्हायचो. मी खाली मान घालून ऐकायचो. लोकांना तो विनय वाटायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्यांच्या मशीनचं पाणी काढायचो, कडी ओढायचो, स्विचचा खट् ऐकायचो. सरांनी कितीदा सांगितलं, इतकं कशाला करता. मी म्हणायचो, सवय आहे.

गेल्या दसऱ्याला मी ठरवूनच गेलो. सर कोपऱ्यावर पानं आणायला गेले होते. वहिनी त्याच खोलीत मशीनला हार घालत होत्या. मी दारात उभा राहिलो, त्याच जागी.

"वहिनी, त्या दिवशी मी मेन बंद करायले नव्हतो गेलो," मी म्हणालो. "मी भिऊन पळालो होतो. तुम्हाले तिथंच सोडून."

त्यांनी हार सारखा केला. "मले माहीत हाये भाऊ."



"मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही मले पाहिलं, मशीनले पाहिलं, अन् पळाले. तुमचं तोंड मी अजून विसरली नाही."

"मग सरांना काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं त्यायनं तुम्हाले पुन्हा दारात उभं केलं नसतं. मंग हे मशीन कोनं पाहिलं असतं? भेलेला मानूस बराबर पाह्यते. आठ वर्सं झाले, एक महिना चुकला नाही तुमचा."

त्या हे रागाने म्हणाल्या नाहीत. भाजी चांगली निघाली की वाईट, हे सांगावं तशा म्हणाल्या. मी तिथेच थांबायला हवं होतं, निम्मं ओझं उतरलं होतं. पण मी उरलेलंही सांगितलं. पाऊस, कागद न गुंडाळणं, दुसरा जाड हात, सतरा मशिनी, आणि हे घर शेवटी ठेवणं. त्यांचा हात हारावर तसाच राहिला. 

"रंगाचं मले माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "हे सरांले तुम्हीच सांगा. मी नाही सांगनार."

सर आले, सोबत त्यांचे एक जुने सहकारी होते. पूजा झाली. पूजेनंतर मशीन एकदा चालवायची त्यांची पद्धत, म्हणून बटण दाबलं. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि मित्राकडे वळून नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "तुम्हाले माहीत नसंल, हे मेश्रामभाऊ नसते तं आम्ही दोघं..."

मी आकडे मोजत होतो. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. पंचेचाळीसला खट् झालं आणि मशीन थांबली.

"सर," मी म्हणालो, "यंदा ती गोष्ट मी सांगतो."

मी सगळं सांगितलं. सरांचे मित्र चपला घालून निघून गेले. सर खुर्चीत बसून होते. मग उठून मशीनजवळ गेले आणि म्हणाले, "ते कडी ओढणं मले दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी ओढली. हवेचा फवारा सुटला तसे ते दचकून मागे सरकले, मग पुन्हा पुढे होऊन ओढली. पाणी काढायची चावीही विचारून घेतली. हात पुसले.

"आता मले येते," ते म्हणाले. "तुम्ही नाही आले तरी चालंल."

तर घेणाऱ्यांनी एवढं करा. मशीन घरी आली त्याच दिवशी विक्रेत्याला उभं करून कडी ओढायला शिका. महिन्यातून एकदा स्वतः ओढा. सेफ्टी वॉल्व्हवर रंगाचा थेंब पडू देऊ नका, पूजा असो की नसो. आणि मशीन लावल्यावर खट् होईपर्यंत तिथून हलू नका.

सरांच्या घरी मी त्यानंतर गेलो नाही. पण पहिल्या रविवारी पाय त्या गल्लीत जातात. मधल्या खोलीला बाजूच्या गल्लीकडे एक लहान खिडकी आहे. ती वर्षानुवर्षं बंद असायची, पल्ला फुगून बसला होता. आता पहिल्या रविवारी ती उघडी असते. मी कुंपणाच्या भिंतीशी उभा राहतो, मशीन लागते, मी मोजतो. मागच्या वेळी त्रेचाळीसला खट् झालं. दोन आकडे आधी कसं झालं, याची काळजी करत मी घरी आलो.